काचेच्या पट्ट्या

७ सप्टेंबर

दादा,

पत्ता ठकीकडून काढून घेतला. लेकीवर चिडू नकोस, ती नाहीच म्हणत होती. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून ठेवून देतोस, म्हणून कागदावर आले.

आधी कामाचं. कडा उतरवायचं ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुंग लावतील. मार्चमध्ये बसवर दरड आली तेव्हापासून खालचा रस्ता बंदच आहे. पलीकडच्या गावांतल्या माणसांना दवाखाना गाठायचा तर डोंगराला अख्खा वळसा घालावा लागतो. परवा एक बाई गाडीतच बाळंत झाली. त्यामुळे बैठकीत कुणीच वाद घातला नाही. मीही नाही. तू असतास तर घातला असतास का, हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

कडा गेला की लेणी जाणार. म्हणून त्याआधी सगळी दालनं स्कॅन करून ठेवायची, आणि ते काम माझ्याकडे आलंय. पुढे कुणालाही घरबसल्या आत फिरता यायला हवं, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. "बाई, एक कोपरा सुटता कामा नये," म्हणाले, "नंतर आठवलं तर जाणार कुठे?"

तर एक कोपरा सुटतोय. तिसऱ्या दालनात, दगडी ओझेवाल्यांच्या रांगेच्या डाव्या टोकाला, जांभईवाल्याच्या मागे, भिंतीचा एक पट्टा चुन्याने बुजवलेला आहे. काम तुझंच. तुझी थापी मी आंधळी झाले तरी ओळखीन, शेवटी वर उचलून सोडतोस. टकटक केलं तर आत पोकळ वाजतं. जुन्या नकाशात तिथे एक अरुंद कपार दाखवलीये. तिच्यात काय आहे, आणि ती बुजवली कधी, ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. आमचा दोरवाला, तोच, कड्यावर आमची यंत्रं चढवणारा, म्हणाला सरळ फोडू. मी म्हटलं थांब, बुजवणारा अजून आहे, त्याला विचारते.

एवढं कळव. दोन ओळी पुरेत.

बाकी ठीक. ठकी माझ्याकडेच आहे, कॉलेजला जाते. मी नीट जेवते, नीट झोपते.

धाकटी


२३ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. असो.

पहिली दोन दालनं झाली. मधोमध स्टँडवर यंत्र ठेवायचं, सगळ्यांनी बाहेर जायचं, आणि ते गरगर फिरून भिंतीचा कण न् कण मोजतं. मग स्टँड हलवायचा, पुन्हा बाहेर. दिवसभर हेच. कुणी मध्ये आलं की भिंतीऐवजी तोच माणूस मोजला जातो आणि नंतर कॉम्प्युटरवर त्याला पुसत बसावं लागतं. दोरवाला दर वेळी काहीतरी विसरलेलं घ्यायला आत येतो. आतापर्यंत त्याला इतक्यांदा पुसलंय, की तो म्हणतो, "ताई, एक दिवस घरी गेलो की बायको विचारेल, कोण पाहिजे?"

मी हसले. म्हणजे हसायची जागा आहे हे कळलं, म्हणून हसले. अलीकडे असंच होतं. परवा मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ठकीने एक घोट घेऊन थुंकला. माझा कप तोवर रिकामा झाला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, तू डॉक्टरकडे जा." मी म्हटलं, डिसेंबरनंतर.

पावसाचा गारठा आहे म्हणून ती वहिनीचा कोट घालते. बाह्या लांब होतात, दुमडून घेते. दारातून आत येते तेव्हा दर वेळी माझं डोकं अर्धा क्षण चुकतं. तुला हे लिहायचं नव्हतं.

दादा, आपण शेवटचं धड बोललो ते तिसऱ्या दालनातच. जानेवारीत मी आलेख घेऊन वर आले होते. कडा बाहेरच्या अंगाला सरकतोय, माझ्या मोजमापात दिसत होतं. तू कागद हातातही घेतला नाहीस. म्हणालास, "तुझं यंत्र उन्हाने फुगतं." मग ऑफिसच्या प्रतीवर तसाच शेरा मारलास, यंत्राची चूक म्हणून. ऑफिसने तुझं ऐकलं. का नाही ऐकणार? अख्खं आयुष्य तू त्या भिंतींना चुना लावण्यात घालवलंस, आणि मी वर्षातून दोनदा पेटी घेऊन येणारी.

मार्चमध्ये दरड आली, आणि त्या बसमध्ये वहिनी होती.

मी तुझ्या दाराशी आले तेव्हा तू दार उघडलं नाहीस. आतूनच म्हणालास, "झालं ना तुझं खरं?"

तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस. मी चुकले असते तर बोलला असतास. माझं खरं व्हायला नको होतं रे.

कपारीचं कळव. दोरवाला घाई करतोय.

धाकटी


११ ऑक्टोबर

दादा,

काल तू येऊन गेलास. मी तिथेच होते, तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास, आणि तरी आज मला तुला पत्र लिहावं लागतंय. आपली आई असती तर तिने दोघांना समोरासमोर बसवून फटके दिले असते.

तू आलायस हे मला आधी दोरवाल्याने सांगितलं. "दादा खाली उभे आहेत. वर येऊ का विचारतायत." तू विचारतोयस! ज्या पायऱ्या तू स्वतः दुरुस्त केल्यास, त्या चढायला. मी म्हटलं, येऊ दे. मला वाटलं होतं, तू आलास की पोटात काहीतरी होईल. काही झालं नाही. मी बॅटरी बदलत होते, ती बदलून झाली आणि मग वर बघितलं. बारीक झालायस. दाढी वाईट दिसते.

तू सरळ आत आलास. पिशवीतून छिन्नी काढलीस, जांभईवाल्याच्या मागे गेलास आणि आपलंच काम फोडायला लागलास. चुना मोठ्या ढलप्यांनी निघत होता. जुना चुना असा निघत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग तू बाजूला झालास आणि मी टॉर्च घेऊन आत वाकले.

भेग जमिनीपासून छतापर्यंत. माझी बोटं आत गेली. आणि तिच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या, एकावर एक. तूच मला लहानपणी शिकवलं होतंस. भेगेच्या दोन्ही कडांना काच चिकटवून ठेवायची, दगड हलला की काच तडकते. खालची पट्टी धुळीने करडी झालेली. तिच्या वरची जरा स्वच्छ. सगळ्यात वरची अगदी नवी, तिचा गिलावाही पिवळा पडलेला नव्हता. सगळ्या तुटलेल्या. म्हणजे एक तुटली की तू दुसरी लावत होतास. माझं यंत्र त्या डोंगरावर यायच्या कितीतरी आधीपासून.

"दादा," मी म्हटलं, "ही वरची कधी लावलीस?"

"यंत्र लाव."

"पण तू तर मला म्हणालास..."

"यंत्र लाव. याचंही घे."

मी स्टँड आणला. जागा इतकी अरुंद की यंत्र एकाच ठिकाणी उभं राहील. दोरवाला बाहेर गेला. मी म्हटलं, आता बाहेर चल. तू कपारीच्या तोंडाशी खाली बसलास, भिंतीला टेकून. मी पुन्हा म्हटलं. तू डोळे मिटलेस.

शेवटी मी एकटीच बाहेर गेले आणि बटण दाबलं.

यंत्र फिरायचं थांबलं तसा तू उठलास, पँट झटकलीस आणि पायऱ्या उतरून गेलास. चहालाही थांबला नाहीस. मी दुसऱ्या कोपऱ्याचं काम पूर्ण केलं, यंत्र पुसून पेटीत ठेवलं, घरी आले. भांडी घासताना एक गोष्ट डोक्यात आली. इतका पांढरा, इतका कच्चा चुना म्हणजे तू कपार मागच्या थंडीतच बुजवलेली असणार. मी जानेवारीत आलेख घेऊन उभी होते तेव्हा माझ्या पाठीमागची भिंत कदाचित अजून ओली असेल.

नळ बंद करायला विसरले. ठकीने येऊन केला.

धाकटी


१९ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र नीट वाच. याला उत्तर हवंय.

साहेबांनी तिसरं दालन स्क्रीनवर बघितलं. फिरवत फिरवत कपारीपाशी आले आणि थांबले.

"हे कोण बसलंय?"

"माझा भाऊ."

"बाई, माणसं ठेवत नाही आपण."

"काढते."

मग त्यांना काचा दिसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठून केबिनचं दार लोटलं. शिपाई चहा घेऊन आला होता, त्याला बाहेरच थांबवलं.

"तुमच्या भावाने चौकशीत लेखी दिलंय," ते म्हणाले, "की हालचाल लक्षात आली नव्हती म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. मी तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यासाठी आता वेगळं काही करावं लागत नाही.

"चौकशी मिटलीय," ते म्हणाले. "नैसर्गिक आपत्ती म्हणून मिटलीय. हे बाहेर गेलं तर परत उघडेल. बसमधल्या प्रत्येकाच्या घरचे येऊन बसतील. तुम्ही असं करा, तो कोपरा कोरा ठेवा. अंधार होता, नोंद आली नाही, असं लिहा. जग काय बुडणार आहे? त्याने बायको गमावलीय. अजून किती भोगायचं एका माणसाने?"

ते चांगल्या मनाने बोलत होते. ओरडले असते, धमकी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुसणं अवघड नाही. त्या भागाभोवती चौकोन काढायचा आणि एक बटण. महिनाअखेरीपर्यंत सगळं जमा करायचंय, आणि मग कडाच नाही. कुणाला काही कळणार नाही. दोरवाल्याने आत वाकून बघितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, "ताई, मी दोर बघतो."

तू लपवलंस का, ते मी विचारत नाही. तुझ्या शेडमध्ये पोलादी सळया पडलेल्या मी बघितल्यात. एक उन्हाळा मिळाला असता तर तू कडा शिवून टाकला असतास, असंच ना? आणि आधी तोंड उघडलं असतं तर त्यांनी जागेला कुलूप घातलं असतं. त्या दगडी लोकांना सोडून तुला दुसरीकडे करमलं नसतं. मला कळतं. कळून काय करायचं ते मात्र कळत नाही.

तू म्हणालास, याचंही घे. तेव्हा तुझ्या मनात नक्की काय होतं? पुन्हा एकदा सांग. या वेळी शब्दांत.

आणि दुसरं. ठकीला मी सांगणार नाही. ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून तिच्या प्राध्यापकांच्या नकला करते आणि मी ताटात बघते. पण हे सांगायचं काम माझं नव्हे. तिचा बाप तू आहेस.

धाकटी


४ नोव्हेंबर

दादा,

तुझा फोन आला तेव्हा ठकी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नाव बघून इतकी खूश झाली, की ओला टॉवेल खांद्यावर टाकूनच बोलायला लागली. मी आत गेले. काचेतून दिसत होती. आधी ती बोलत होती, मग फक्त ऐकत होती. टॉवेलचं पाणी वहिनीच्या कोटावर ठिबकत होतं आणि तिच्या ध्यानात नव्हतं.

आत आली आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

"गेल्या महिन्यापासून."

"आणि तू माझ्याबरोबर जेवत होतीस."

"हो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मी बाबांना विचारलं, त्या दिवशी आईने तुम्हाला विचारलं नव्हतं का, रस्ता ठीक आहे का म्हणून? ते म्हणाले, नाही विचारलं. तिने कधीच नाही विचारलं. माझा कडा म्हणजे पक्काच, असं तिने धरलेलं होतं."

मग म्हणाली, "आत्या, मला त्यांचा राग येत नाहीये. मला काहीच येत नाहीये."

मी म्हटलं, "मलाही." आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मग तिने गॅस पेटवला आणि भात टाकला, कारण कुणीतरी टाकायलाच हवा होता.

तू तिला सांगितलंस, हेच माझ्या प्रश्नाचं उत्तर असं मी धरलं. तिसरं दालन मी कपारीसकट जमा केलं. भेग, पट्ट्या, सगळं. साहेबांनी सही करताना मान हलवली. "तुम्ही भावंडं म्हणजे..." एवढंच म्हणाले, पुढचं गिळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चौकशीवाल्यांना कळवलं. मी कळवण्याआधी आपण कळवलेलं बरं, म्हणाले.

तुला मात्र पुसलं. नियमच आहे तो. पण एक अडचण झाली. यंत्र एकाच जागी उभं होतं आणि तू भिंतीसमोर बसलेला होतास. यंत्राला माणसाच्या आरपार दिसत नाही. त्यामुळे तुला काढल्यावर मागे भिंत नाहीच, नुसतं भोक. डोकं, खांदे, जवळ घेतलेले गुडघे. आमच्यातल्या नव्या मुलीने विचारलं, आजूबाजूचा दगड ओढून बुजवून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे.

मी म्हटलं, नको. तिथे आपण काही मोजलेलं नाही, तर मोजल्यासारखं दाखवायचं नाही.

धाकटी


५ डिसेंबर

दादा,

काल कडा उतरवला.

आम्ही दरीच्या या बाजूला होतो. बरीच माणसं आली होती, मुलं खांद्यावर घेऊन. सुरुंगवाल्या इंजिनियरने भोंगा वाजवला आणि काही झालं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले, एक म्हातारा म्हणाला, "सरकारी काम." आणि तेवढ्यात कड्याच्या पोटातून धुराच्या बारीक रेघा निघाल्या. आवाज नंतर आला. कडा आधी बसला, दमलेला माणूस बसतो तसा, आणि मग खाली गेला. जांभईवाला, ओझेवाले, तू घडवलेल्या पायऱ्या, सगळं एका दमात. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मग वाजवाव्यात की नाही असं वाटून थांबली. दोरवाला टोपी तोंडावर धरून रडत होता. ठकीने माझी बाही धरली होती.

मी बिस्किट खात होते. त्याच्यावर धूळ बसली, तरी खाल्लं. माझ्या हातात धूळ मोजायचं मीटर दिलेलं होतं, मी आकडे बोलत होते आणि नवी मुलगी लिहून घेत होती. माझा आवाज अगदी स्वच्छ येत होता म्हणे.

संध्याकाळी ऑफिसला गेलो. उद्घाटनाआधी सगळं चालतंय का बघायचं होतं. स्कॅन केलेली लेणी आतून दाखवणारा तो चष्मा मी डोळ्यांवर चढवला आणि तिसऱ्या दालनात जाऊन आले. सगळं जागच्या जागी आहे. चुन्याचा वास नाही, पायाखाली कचकच नाही. पाऊल टाकताना खालचा गालिचा लागतो आणि मन गोंधळतं. काम चोख झालंय, एवढं म्हणेन.

ठकी म्हणाली, मला दे. मी तिला धरून धरून फिरवलं, नाहीतर टेबलावर आपटली असती. कपारीपाशी ती थांबली.

"इथे बाबा होते?"

"हो."

तिने हात पुढे केला. हवेतच चाचपडला, मागे घेतला. मग गालिच्यावर मांडी घालून बसली, चष्म्यासकट, त्या भोकासमोर. मी लाइट घालवायला आलेल्या शिपायाला खूण केली. तो गेला. चष्म्याच्या खालून तिच्या गालावर पाणी येत होतं. मी शेजारी बसले. मला नाही आलं.

रस्ता मोकळा करायचं काम सुरू झालंय. उन्हाळ्याच्या आत गाड्या जातील म्हणतात.

धाकटी


९ जानेवारी

दादा,

समन्स तुलाही मिळालं असेल. मला काल आलं. सोमवारी, सकाळी.

मी काय सांगणार ते तुला आधी सांगते, म्हणजे तिथे बसून धक्का नको. माझ्या यंत्राने काय दाखवलं, ते मी तुला कधी दाखवलं आणि तू काय म्हणालास, ते जसंच्या तसं सांगणार. कपारीत काय होतं तेही. मी काही मऊ करून सांगणार नाही, आणि तिखटमीठही लावणार नाही. तू आपणहून फोडून दाखवलंस, हे मात्र ते विचारोत न विचारोत, सांगणार.

ज्यांचा मुलगा त्या बसमध्ये होता, त्या गृहस्थांचा मला फोन आला होता. ते खूप वेळ शिव्या देत होते. आधी तुला, मग मला, मग डोंगराला. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमची कोण होती?" मी म्हटलं, "वहिनी." मग त्यांनी फोन ठेवला. तेही सोमवारी असतील. ते तुझ्याजवळ आले तर उठून जाऊ नकोस.

काय होईल ते मला माहीत नाही. साहेब म्हणतात, तुझं काम करायचं लायसन तर जाईलच, पुढचं न्यायाधीशांवर. मी खोटा धीर देत नाही, तुला तो कधी चाललेला नाही.

डॉक्टरकडे जाऊन आले. झोपेची गोळी दिलीय. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झोपले आणि उठल्यावर वहिनीचं नाव घेऊन हाक मारली, चहा टाक म्हणून. मग आठवलं. मग रडले, अगदी नाकातोंडातून. ठकी घाबरून शेजारणीला बोलवायला निघाली होती. आज पुन्हा तसंच, दगडासारखं. पण एकदा झालं.

ठकी येणार आहे. तुझ्याशेजारी बसणार नाही म्हणाली. मी म्हटलं, नको बसूस. मग म्हणाली, मागच्या बाकावर बसेन. काल विचारत होती, बाबा दाढी करून येतील का. तर करून ये.

माझी साक्ष झाली की मी तुझ्याशेजारी येऊन बसेन. बोलायला हवं असं काही नाही.

तो हॉल फार गार असतो, स्वेटर घाल. बाहेरचं काही खात बसू नकोस, आसपास धड काही मिळत नाही. डबा मी आणते. तिघांचा.

धाकटी